गॅरेजातलं विमान आणि हवाई दलाचा उंबरठा

लष्करी ड्रोनवर आपल्याकडे जे लिहिलं जातं, ते बहुधा यंत्राचं वर्णन असतं: किती तास उडतं, किती उंचीवरून पाहतं, किती क्षेपणास्त्रं वाहतं. यंत्र चांगलं असलं की सैन्य ते घेणारच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. कुठल्याही संस्थेचा आधार नसताना, केवळ हौसेपोटी मी या विषयाचा माग काढत आलो. दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले आणि हे गृहीतक डळमळीत झालं.

पहिला, रिचर्ड व्हिटल यांचं 'प्रीडेटर' (२०१४). बगदादमध्ये जन्मलेले, इस्रायलमध्ये घडलेले अभियंते एब्राहम करेम लॉस एंजेलिसमधल्या आपल्या गॅरेजात 'अल्बट्रॉस' बांधतात. त्यातून 'अँबर', मग 'नॅट-७५०' आणि १९९४ मध्ये 'प्रीडेटर'. मधल्या काळात करेम यांची कंपनी बुडते आणि जनरल अ‍ॅटॉमिक्स तिची मालमत्ता विकत घेते. तपशील चोख आहेत, कथन वेधक आहे. पण पुस्तक मिटताना मनावर ठसा उरतो तो मूठभर जिद्दी माणसांचा.

दुसरा, थॉमस एरहार्ड यांचा अमेरिकी हवाई दलाच्या मानवरहित विमानांवरचा अभ्यास (२०१०). तो वाचकाला मागे, व्हिएतनामपर्यंत नेतो. रायन कंपनीच्या 'लाइटनिंग बग' विमानांनी १९६४ ते १९७५ या काळात तीन हजारांहून अधिक टेहळणी उड्डाणं केली. मोठ्या विमानाच्या पंखाखालून ती सोडली जात आणि परतताना पॅराशूटवर तरंगत असताना हेलिकॉप्टर त्यांना हवेतच झेलत असे. यंत्र कसोटीला उतरलं होतं. तरीही युद्ध संपल्यावर काही वर्षांतच हवाई दलानं हा विभाग गुंडाळला. बराचसा पैसा गुप्तवार्ता खात्यांच्या तिजोरीतून येत होता, तो आटला. वैमानिकांच्या विमानांशी निधीसाठी स्पर्धा करायची, तर ड्रोनच्या बाजूनं बोलणारा प्रबळ गट दलात नव्हता.

मग 'प्रीडेटर' का टिकलं? १९९५ मध्ये बोस्नियावर त्याचा उपयोग दिसला. शिवाय हे विमान भूदलाकडे जाऊ नये, असं हवाई दलप्रमुख जनरल फोगलमन यांना वाटत होतं. नेव्हाडात इंडियन स्प्रिंग्ज इथे स्वतंत्र स्क्वाड्रन उभं राहिलं. पुढे २००१ मध्ये त्याला हेलफायर क्षेपणास्त्र जोडलं गेलं, आणि त्याच वर्षी अफगाणिस्तानचं युद्ध सुरू झालं. म्हणजे दार उघडलं ते यंत्राच्या गुणांइतकंच दलांमधल्या चढाओढीनं आणि युद्धानं.

एरहार्ड यांची मर्यादाही सांगायला हवी. त्यांचा आढावा २००० च्या आसपास थांबतो, त्यामुळे शस्त्रसज्ज ड्रोननं हवाई दलाची प्रतिष्ठेची उतरंड किती हलवली, हे त्यात येत नाही. ती फारशी हलली नसावी. २०१३ मध्ये ड्रोनचालकांनाही मिळू शकेल असं एक नवं पदक जाहीर झालं. रणांगणावर जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या काही पदकांहून त्याचा मान वरचा ठेवला, म्हणून गदारोळ उठला आणि दोन महिन्यांत ते रद्द झालं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं याच कंपनीच्या ३१ 'एमक्यू-९बी' विमानांचा करार केला: १५ नौदलाला, भूदल आणि हवाई दलाला प्रत्येकी ८. आपल्या बातम्यांत क्षमता आणि किंमत आली. ती उडवणाऱ्यांना बढती कशी मिळेल, तीन दलांत माहिती कोणाच्या हाती राहील, हे प्रश्न क्वचितच दिसले. व्हिएतनामनंतर 'लाइटनिंग बग' ज्यामुळे मोडीत निघालं, ते प्रश्न याच जातीचे होते.