पूर्वसूचना आणि प्रतिबंध : ‘लिंक-एचएफ’ संशोधनाचे परीक्षण

हृदयाची कार्यशक्ती क्षीण झालेल्या, म्हणजेच ज्यास व्यवहारात हार्ट फेल्युअर म्हणतात त्या विकाराच्या रुग्णाच्या छातीवर एक पट्टी चिकटवावी आणि प्रकृती ढासळण्यापूर्वीच तिने डॉक्टरांस सावध करावे, ही कल्पना मोठी मोहक आहे. ‘सर्क्युलेशन : हार्ट फेल्युअर’ या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेले ‘लिंक-एचएफ’ हे संशोधन तिच्या समर्थनार्थ पुढे केले जाते.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ४ रुग्णालयांतील १०० रुग्ण त्यात होते. प्रत्येक रुग्णाची तुलना इतरांशी न करता त्याच्याच पूर्वस्थितीशी करावयाची, ही या पद्धतीतील खरी विचक्षण गोष्ट होय. ज्याची नाडी मुळातच जलद, त्याला सर्वसामान्य मापाने मोजण्यात काय हशील? दाखल होण्याची वेळ येणाऱ्या रुग्णांपैकी ७६ ते ८८ टक्के या पद्धतीने हेरले, आणि पहिली सूचना व दाखल होणे यांतील मध्यक अंतर ६.५ दिवसांचे भरले. स्थिर रुग्णांस स्थिर म्हणून ओळखण्याचे प्रमाण ८५ टक्के होते.

हे शेवटचे प्रमाण वाटते तितके निर्धोक नाही. समजा, १०० रुग्णांपैकी १० जणांची प्रकृती बिघडणार आहे. त्यांतील ८ जण हेरले जातील हे खरे. परंतु उरलेल्या ९० स्थिर रुग्णांपैकी १३-१४ जणांविषयीही तीच घंटा वाजेल. खऱ्या इशाऱ्यांहून खोटे इशारे अधिक!

शिवाय, या सूचनांवरून उपचार बदललेच गेले नव्हते. साहजिकच पूर्वसूचनेने रुग्णालयवास टळतो काय, या प्रश्नाला या संशोधनात उत्तर नाही. ते त्यात शोधणे हा समर्थकांचा दोष, संशोधकांचा नव्हे.

उत्तरासाठी अन्यत्र पाहावे लागते. दूरध्वनीवरून लक्षणे व वजन कळविण्याच्या ‘टेले-एचएफ’ (२०१०) या १६५३ रुग्णांच्या चाचणीत १८० दिवसांत पुन्हा दाखल होणे वा मृत्यू यांचे प्रमाण ५२.३ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ५१.५ टक्के आढळले. याउलट जर्मनीतील ‘टिम-एचएफ २’ (२०१८) या चाचणीत दर १०० रुग्णवर्षांमागे मृत्यू ११.३४ वरून ७.८६ वर आले. तेथील साधने वजनकाटा, रक्तदाबमापक अशी साधीच होती. मात्र नोंदी पाहून तत्काळ निर्णय घेणारे डॉक्टर व परिचारिकांचे केंद्र २४ तास जागे होते. पट्टीच्या पुरस्कर्त्यांनी या खर्चाचा हिशेब क्वचितच मांडला आहे.

‘लिंक-एचएफ’मधील ९८ टक्के रुग्ण पुरुष होते, ही बाबही निष्कर्ष स्त्रियांस लावण्यापूर्वी ध्यानी घ्यावयास हवी.