'असूडा'तील फिर्याद आणि कराची कचेरी

महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचा अभ्यास बहुधा वर्णवर्चस्वावरील प्रहार म्हणून केला जातो. तो प्रहार आहेच. परंतु कर भरणारा माणूस आणि कर घेणारी कचेरी यांच्यामध्ये जे अंतर पडते त्याचेही हा ग्रंथ एक मर्मग्राही निरूपण आहे, आणि या अंगाची म्हणावी तशी चिकित्सा झालेली नाही.

ग्रंथाची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठलेला दंगा लवकरच त्या वेळच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे भाव उतरले होते. सारा मात्र रोखीने व ठरल्या हप्त्यानेच द्यावा लागे, आणि तो देण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे. दंगेखोरांनी माणसांवर फारसा हात टाकला नाही. त्यांनी मागितले ते खते व रोखे, आणि जाळले तेही तेच. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला कागदाशी याहून वेगळा व्यवहार करणे शक्य नव्हते. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले, आणि शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावनिबंधकापुढे व्हावा असे ठरले. हेतू निःसंशय चांगला होता. तथापि कागदाने गांजलेल्याला मिळालेला दिलासाही नोंदणीच्या कागदातूनच आला, हे विसरता येत नाही.

'असूड' या कायद्यानंतर चार वर्षांनी पुरा झाला. त्याच्या उत्तरार्धात कलेक्टरच्या तंबूकडून संतापाने परतणारा एक शेतकरी येतो. त्याचे स्वगत हा माझ्या मते ग्रंथातील सर्वांत सरस भाग होय. फुल्यांची लांबलचक, कोठे थांबावे हे न कळणारी वाक्ये अन्यत्र कधी कधी वाचकास थकवतात. येथे मात्र तीच त्यांचे बळ ठरतात. साऱ्याचा दर एवढेच या माणसाचे दुःख नव्हे. आपले म्हणणे कारकुनाच्या तोंडून साहेबापर्यंत पोचते तेव्हा ते आपले उरत नाही, हे त्याचे खरे शल्य आहे. कचेरीत जे बोलता आले नाही ते तो घरच्या वाटेवर बोलतो, आणि म्हणूनच त्या बोलण्याला पूर्णविराम सापडत नाही. फुल्यांनी हा ग्रंथ गावोगावी वाचून दाखविला, सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

फुल्यांचे निदान असे की, गोरा अधिकारी ऐषआरामी व बेफिकीर, आणि त्याच्या हाताखालचा ब्राह्मण कामगार कावेबाज. म्हणून शेतकऱ्यांची मुले शिकावीत व कचेरीत यावीत. हे निदान त्या काळाच्या अनुभवातून आलेले असून त्यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. दोष कारकुनाच्या जातीत शोधताना कागदाच्या स्वतःच्या सत्तेकडे त्यांची दृष्टी काहीशी कमी वळली. कारकून पूर्णपणे काढून टाकला तर काय होईल, हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारणच नव्हते.

आज तो प्रश्न पडतो. आयकराची चेहराविहीन आकारणी ऑगस्ट २०२० मध्ये व्यापक स्वरूपात सुरू झाली. तीत अधिकारी व करदाता यांनी एकमेकांना भेटावयाचेच नाही. लाचेची वाट त्यामुळे अरुंद झाली, हे मान्य केले पाहिजे. पुढे ७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे संकेतस्थळ आले आणि ते इतके अडखळले की, ऑगस्टमध्ये अर्थमंत्रालयाने ते बांधणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना पाचारण केले, आणि विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुंबई-पुण्याच्या सनदी लेखापालाने याबद्दल निवेदने दिली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसला तरी बँकेतील ठेवीच्या व्याजातून कापलेली रक्कम परत मिळविण्यासाठी पारनेरच्या म्हाताऱ्यालाही विवरणपत्र भरावे लागते. त्याची फिर्याद कोठे जाते? ओटीपी पुण्यातील मुलाच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड तालुक्याच्या ठिकाणी संगणक घेऊन बसलेल्याच्या वहीत असतो. मध्यस्थ गेला नाही. तो सरकारी नोकरीतून बाहेर पडून दुकानात बसला, एवढेच. शिवाय तंबू होता तेव्हा निदान त्याकडे पाठ फिरवून शिव्या देता येत.

१८७५ च्या दंग्यांच्या चौकशी समितीचा अहवाल पुढील वर्षी सादर झाला. सरकारी लेखणीने उतरविलेली शेतकऱ्याची गाऱ्हाणी आणि 'असूडा'तील स्वगत ही शेजारी ठेवून, एकच तक्रार कचेरीच्या भाषेत शिरताना तिचे काय होते हे एखाद्या विद्यार्थ्याने वाक्यावाक्याने तपासावयास हवे. त्यासाठी नगर जिल्ह्यातील चार तालुकेही पुरेसे होतील.