चित्र डागलेले, पॉलिश लागलेले

तापल्या टोकाने लाकडावर चित्र डागायच्या कलेला साहेब पूर्वी ‘पोकर-वर्क’ म्हणत. पोकर म्हणजे निखारे ढोसायची सळई. या कलेत रंग नसतोच. फिक्या बदामीपासून काळ्यापर्यंत जेवढे जळणे, तेवढीच चित्राची भाषा. कारागीर तासन्‌तास खपून म्हाताऱ्याच्या गालावरच्या सुरकुत्या अशा हलक्या डागतो, की वाटावे, बुवा आत्ता हसेल! आणि मग त्याला पॉलिशाची हुक्की येते. गडद अक्रोडी स्टेनचा बोळा फिरतो अन् सुरकुत्यांसकट म्हातारा अंधारात जातो. वर चकचकीत व्हार्निशाचे तीन हात. आता चित्रासमोर उभे राहिले, की म्हातारा राहतो बाजूला, आपलेच टक्कल दिसते!

अहो, स्टेन द्यायचाच तर पातळ द्या, आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहा. चपड्याचे एक-दोन हलके हात पुरतात. राहिले ऊन. त्याने फिक्या रेषा उडतात, आणि साधे व्हार्निश त्यांना वाचवत नाही. उलट तेलाचे असले तर स्वतःच पिवळे पडते. चित्राला सावलीतली भिंत द्यावी, हे खरे औषध. पॉलिश तबलजीसारखे असावे. साथ करावी, गवयाला झाकू नये.