राखणदाराला विचारणार कोण?

‘जबाबदारी’ या शब्दात ‘जबाब’ आहे. म्हणजे आधी कुणीतरी सवाल केला पाहिजे. आज ही कसोटी बाल हक्क संरक्षण आयोगाला लावून बघू.

हे आयोग २००५ च्या कायद्याने आले. केंद्रात राष्ट्रीय आयोग, राज्यांत त्यांचे आपापले. चौकशी करताना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. पण शेवटी तो शिफारस करतो. मानायची की नाही ते सरकार ठरवतं. म्हणून कायद्यात एक चांगली तजवीज आहे. आयोगाचा अहवाल सरकारने सभागृहापुढे ठेवायचा, काय कारवाई केली ते सांगायचं आणि शिफारस नाकारली असेल तर कारण द्यायचं. केंद्रात संसदेपुढे, आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद या दोन्हींपुढे.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. कायदा अहवाल ‘ठेवा’ म्हणतो, त्यावर चर्चा करा असं म्हणत नाही. पटलावर ठेवलेला कागद वेगळा आणि वाचलेला कागद वेगळा! वेळेचंही बघा. संसदेपुढे अहवाल ठेवायला सरकारला तो मिळाल्यापासून वर्षाची मुदत आहे. चौथीतल्या पोराचं गाऱ्हाणं वार्षिक अहवालातून सभागृहात पोचेपर्यंत पोरगं सहावीत गेलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट नेमणुकीची. राज्य आयोगाचा अध्यक्ष तीन जणांची समिती सुचवते आणि तिचे प्रमुख त्याच खात्याचे मंत्री असतात. ज्यांच्या कारभारावर नजर ठेवायची, त्यांनीच राखणदार निवडायचा. इंग्लंडमध्ये बाल आयुक्तपदासाठी सुचवलेल्या व्यक्तीला संसदेची शिक्षण समिती नेमणुकीआधी उघडपणे प्रश्न विचारते. समितीचं मत बंधनकारक नसतं, पण प्रश्न चारचौघांत विचारले जातात. आपल्याकडे २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात आयोगांतली रिक्त पदं भरा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे खरं तर सभागृहांनी विचारायचं होतं.

कुणी म्हणेल, आमदार लक्ष घालू लागले तर चौकशीत राजकारण शिरेल. शंका रास्त आहे. म्हणून अमुक प्रकरणात अमुक निष्कर्ष काढा, असं सभागृहाने सांगूच नये. पदं भरली का, अहवाल आला का, शिफारस का नाकारली, एवढं विचारावं.

हा कायद्याचा कीस वाटेल. पण २०१६ आठवा. आपल्याच खामगाव तालुक्यात, पाळ्याच्या आश्रमशाळेतल्या अत्याचाराला वाचा फुटली ती दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्यावर. शाळेत मोठी माणसं रोज होती, तरी बोलण्यासाठी मुलींना घर गाठावं लागलं.

मुलांना मत नाही. त्यांच्या वतीने सवाल करायची जागा म्हणजे सभागृह. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत. अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांना एवढंच विचारा: साहेब, बाल हक्क आयोगाचा शेवटचा अहवाल तुम्ही वाचला का?