अर्धगुणसूत्री विभाजनाची प्रतिकृती : ‘अर्ध’ कशाचे?

लोकर, मणी, पुठ्ठा व टिचबटणे यांच्या साहाय्याने अर्धगुणसूत्री विभाजनाच्या अवस्था दाखविण्याची पद्धत जीवशास्त्राच्या अध्यापनात रूढ आहे. तिला प्रतिष्ठित पूर्वपीठिका आहे. मॉर्गन, स्टर्टेव्हंट, म्युलर व ब्रिजेस यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या मेंडेलीय आनुवंशिकतेवरील ग्रंथात गुणसूत्र हे मण्यांच्या सराच्या रूपाने रेखाटलेले आहे. तेव्हा अशी प्रतिकृती म्हणजे केवळ हस्तव्यवसायाचा तास नव्हे; ते एक विधान आहे, आणि विधान म्हटले की त्याचे परीक्षण अर्थाच्या अंगाने करणे प्राप्तच आहे.

प्रथम नावाचा विचार. फार्मर व मूर यांनी १९०५ साली या विभाजनास ग्रीक भाषेतून जो शब्द दिला, त्याचा अर्थ ‘घट’ एवढाच आहे. काय घटते, हे तो सांगत नाही. मराठी संज्ञा अधिक बोलकी आहे, आणि म्हणूनच अधिक घोटाळ्याचीही. ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ या संज्ञेतील ‘अर्ध’ हे पद संख्येविषयी आहे : कांद्याच्या पेशीतील १६ गुणसूत्रांची परागकणात ८ होतात. उलट ‘अर्धगुणसूत्र’ या संज्ञेतील तेच पद वस्तूविषयी आहे : दुपटीनंतर एकाच गुणसूत्राचे जे दोन जुळे धागे दिसतात, त्यांपैकी एक धागा. विद्यार्थी दोन्ही समास एकाच रीतीने सोडवितो आणि पहिल्या विभाजनात अर्धगुणसूत्रे विलग होतात, असे समजून बसतो. वस्तुतः पहिल्या विभाजनात समजात जोडीतील अखंड गुणसूत्रे विलग होतात; जुळ्या धाग्यांची ताटातूट दुसऱ्या विभाजनात घडते. येथे चूक झाली की पुढील सारे गणित चुकते.

प्रतिकृतीचे खरे मोल येथेच आहे. मातेकडील गुणसूत्रासाठी तांबडी व पित्याकडील गुणसूत्रासाठी निळी लोकर घ्यावी. प्रत्येकाचे दोन धागे करून ते मध्यभागी एका टिचबटणाने जोडावेत. हे बटण म्हणजे गुणसूत्रबिंदू. आता नियम एकच : धागे मोजावयाचे नाहीत, मिटलेली बटणे मोजावयाची. दोन जोड्यांच्या प्रतिकृतीत आरंभी चार बटणे असतात व पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत दोन उरतात. परंतु एकही बटण उघडलेले नसते. समासातील संदिग्धता बोटांना अशी आपोआप उलगडते. या कामी कात्रीची गरज पडत नाही. जेथे ती पडते, तेथे ‘अर्ध’ या पदाचा अर्थ चुकला असे खुशाल समजावे.

तथापि प्रचलित प्रतिकृतींत तीन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष खंडविनिमयाचा. तांबड्या गुणसूत्राचे दोन्ही धागे निळ्याच्या दोन्ही धाग्यांशी एकाच ठिकाणी बदललेले दाखविले जातात. वस्तुतः एका ठिकाणी होणाऱ्या विनिमयात चार धाग्यांपैकी दोनच भाग घेतात, प्रत्येक गुणसूत्राचा एक; उरलेले दोन तेथे मूळ रूपातच राहतात. या विनिमयात खरोखरच द्रव्याची अदलाबदल होते, हे क्रेटन व मॅक्लिंटॉक यांनी १९३१ साली मक्याच्या गुणसूत्रांवरून दाखवून दिले.

दुसरा दोष मांडणीचा. सुबकतेच्या हौसेने सारी तांबडी गुणसूत्रे एका बाजूस व सारी निळी दुसऱ्या बाजूस ठेवली जातात. मध्यावस्थेत प्रत्येक जोडीची दिशा इतर जोड्यांवर अवलंबून नसते. म्हणून ती नाणे उडवून ठरवावी. दोन जोड्यांतून ४, कांद्याच्या आठ जोड्यांतून २५६, आणि मनुष्याच्या तेवीस जोड्यांतून ८३,८८,६०८ प्रकारची जुळणी संभवते. तीही विनिमयाचा हिशेब न धरता.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रतिकृतीतील प्रत्येक क्रियेचा कर्ता विद्यार्थ्याचा हात असतो. जोडी एकत्र का राहते आणि नेमकी केव्हा सुटते, या प्रश्नास डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटविलेली लोकर उत्तर देऊ शकत नाही. पेशीत मात्र तर्कूचे तंतू दोन्ही ध्रुवांकडे ओढ देत असतात आणि त्या ओढीला प्रतिरोध असतो. बहुतेक सजीवांत हा प्रतिरोध दोन गोष्टींनी मिळून होतो : विनिमयामुळे पडलेली गुंतवण, आणि जुळ्या धाग्यांना त्यांच्या लांबीभर धरून ठेवणारी प्रथिने. पश्चावस्थेत भुजांवरील बंध तुटतो तेव्हा जोडी सुटते. गुणसूत्रबिंदूजवळचा बंध दुसऱ्या विभाजनापर्यंत टिकतो.

हेही लोकरीत दाखविता येते. जुळे धागे भुजांवर मऊ मेणाने हलकेच जोडावेत, तांबड्या व निळ्या धाग्याची अदलाबदल गाठ मारून पक्की करावी, आणि दोन्ही बटणांना दोरा बांधून विरुद्ध दिशांना ओढावे. जोडी ताणली जाते, पण सुटत नाही. मेण काढले की ती सुटते. बटणे मात्र मिटलेलीच राहतात. ती दुसऱ्या विभाजनात उघडावयाची. डिंक वर्ज्य केला की अवस्थांची नावे चित्राखालील पाट्या न राहता एका अखंड क्रियेतील टप्पे ठरतात.

सारांश, प्रतिकृतीची पारख तिच्या रंगसंगतीवरून किंवा नीटनेटकेपणावरून होऊ नये. तिच्यातील प्रत्येक बटणाला, गाठीला आणि ओढीला पेशीत काही अर्थ आहे काय, एवढेच पाहावे. ज्या विद्यार्थ्याने जोडी ओढून पाहिली आणि ती का सुटली नाही हे स्वतःच्या शब्दांत सांगितले, त्याला ‘अर्ध’ कशाचे हे पुन्हा विचारावे लागत नाही.