वायुरोधातील घट आणि संगणकाची साक्ष : एक चिकित्सा

वाहनाच्या किंवा पंखाच्या पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेस बाहेरून ऊर्जा पुरवून, म्हणजे सूक्ष्म झोत सोडून अथवा फटीतून हवा शोषून, वळण लावण्याच्या तंत्रास सक्रिय प्रवाह-नियंत्रण म्हणतात. ही कल्पना नवी नाही. १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी सीमास्तराची संकल्पना मांडली, तेव्हाच वृत्तचितीच्या एका बाजूस शोषण केल्यास प्रवाहाचे विलगन पुढे ढकलले जाते, हे त्यांनी दाखविले होते. आज हाच विषय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रबंधांत प्रामुख्याने संगणकीय सिम्युलेशनच्या रूपाने येतो आणि त्याचा निष्कर्ष बहुधा एका आकड्यात सांगितला जातो : वायुरोध अमुक टक्क्यांनी घटला. या आकड्याची विश्वासार्हता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यासंदर्भात २००४ साली अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे नासाच्या पुढाकाराने झालेली कार्यशाळा उद्बोधक ठरते. भिंतीवर बसविलेल्या उंचवट्यावरील प्रवाहाची प्रायोगिक मोजमापे तेथे तुलनेसाठी उपलब्ध होती. नियंत्रणाविना विलग झालेला प्रवाह उंचवट्याच्या अग्रापासून त्याच्या लांबीच्या सुमारे १.११ पट अंतरावर पुन्हा भिंतीस चिकटत होता; स्थिर शोषण सुरू करताच हे अंतर सुमारे ०.९४ पटीवर आले. कालसरासरी समीकरणांवर आधारित गणितांनी मात्र दोन्ही स्थितींत विलगनाचा बुडबुडा प्रत्यक्षाहून लांब दाखविला. विलग थरातील प्रक्षोभजन्य घर्षणताण ही प्रतिमाने कमी आकारतात; त्यामुळे मिश्रण मंदावते आणि प्रवाह उशिरा चिकटतो, हे त्याचे कारण.

येथे एक आक्षेप संभवतो. शोषणाने बुडबुडा आखूड होतो, हा कल तर गणितांनी अचूक सांगितला. मग बिघडले कोठे? दोन पर्यायांतून एक निवडण्यापुरता हा युक्तिवाद मान्य करता येईल. परंतु टक्केवारी म्हणजे दोन राशींची वजाबाकी. दोन्ही राशी एकाच दिशेने चुकल्या, तर वजाबाकी योगायोगाने सुसंगत दिसू शकते, आणि तो योगायोग दुसऱ्या आकारावर वा दुसऱ्या वेगावर टिकेलच, याची हमी कोण देणार? मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडविणारी पद्धत अशा प्रवाहांत अधिक विश्वसनीय आहे. परंतु चोई व मोइन यांच्या २०१२ मधील अंदाजानुसार तिच्यातील जाळीबिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या १३/७ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रेनॉल्ड्स अंक दुप्पट झाल्यास बिंदू साडेतीनपटींहून अधिक लागतात.

दुसरी उणीव हिशेबाची आहे. रोधांक ०.३३ व समोरील क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर असलेली मोटार ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावत असता, हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरल्यास, वायुरोधावर मात करण्यासाठी सुमारे ११.२ किलोवॅट शक्ती खर्च होते. रोध १० टक्के घटला तर बचत जेमतेम १.१ किलोवॅट. झोत पुरविणाऱ्या पंपास तेवढीच शक्ती लागत असेल, तर निव्वळ लाभ शून्य! तरीही पंपाचा हा खर्च अनेकदा प्रबंधात कोठेच मांडलेला नसतो. जमेची बाजू लिहून खर्चाची बाजू कोरी ठेवणाऱ्या वहीस आपण हिशेब म्हणत नाही.

याचा अर्थ सिम्युलेशन निरुपयोगी आहे, असा नव्हे. झोत कोठे व किती कंपनसंख्येने सोडावा, हे शोधण्यात त्याचे मोल मोठे आहे. मात्र मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने आपण तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा : नियंत्रणरहित प्रवाहाची प्रयोगाशी तुलना, जाळी सूक्ष्म केल्यावर उत्तर स्थिर राहते याचा पुरावा, आणि नियंत्रणास लागलेल्या शक्तीची वजावट. रंगीत आलेख डोळ्यांना सुखावतात. परंतु विद्यार्थ्याच्या हाती पदवीसोबत जी शास्त्रीय वृत्ती जावी अशी आपली अपेक्षा असते, ती या तीन प्रश्नांतूनच घडते.