‘उत्क्रांति’ शब्दाची शिडी

मानवाच्या प्राचीन इतिहासावर मराठींत जें लेखन होतें, त्यांतील माहितीविषयीं आमची फारशी तक्रार नाहीं; तक्रार आहे ती परिभाषेविषयीं. डार्विननें १८७१ सालीं मानवावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या इंग्रजी नांवांतील शब्द वंशक्रमानें खालीं उतरत येण्याचा आहे. आम्ही मात्र तोच विचार ‘उत्क्रांति’ म्हणून वर चढविला! वेदान्तांत हा शब्द जीव देह सोडून जातो त्यास लावतात. पण तें असो. त्यांतील ‘उत्’ वाचकाच्या मनांत एक शिडी उभी करतो: तळाशीं माकड, शेंड्यावर माणूस.

मग वर्गांत हटकून प्रश्न येतो, ‘आजचीं माकडें माणसें कां होत नाहींत?’ दोष विद्यार्थ्याचा नव्हे. चिंपँझी व गोरिला हे बिनशेपटीचे कपि. त्यांस ‘माकड’ म्हणणेंच चूक. शिवाय चिंपँझी आपला पूर्वज नसून चुलतभाऊ होय.

या शिडीनें पंडितांसही फसविलें आहे. मेंदू आधीं वाढला, बाकीचें मागून आलें, अशी समजूत दृढ असल्यामुळें १९१२ सालीं पुढें आलेली पिल्टडाउनची कवटी अनेकांस खरी वाटली. माणसाच्या कवटीस कपीचा जबडा जोडून केलेली ती लबाडी १९५३ सालीं उघडकीस आली. पुढें १९७४ सालीं इथिओपियांत ‘ल्यूसी’ सांपडली. सुमारें ३२ लक्ष वर्षांपूर्वींची ही बाई दोन पायांवर चालत होती, आणि तिचा मेंदू जवळजवळ चिंपँझीएवढाच असावा!

शिडी आली कीं पायऱ्या आल्या, आणि खालच्या पायरीवर कोणास तरी बसविणेंही आलें. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्लेसाहेब यांनीं नाकाच्या मापावरून हिंदी जातींची उतरंड लावली. उलट, बर्लिनमध्यें इरावती कर्वे यांनीं कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता मोजली, आणि ती वंशावरून ठरत नाहीं असा निष्कर्ष काढला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचें मत अगदीं निराळें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या धैर्याची किंमत कळते. आमच्या भाषेंत प्राण्यांची ‘जाति’ व समाजांतील ‘जाति’ यांस शब्द एकच. तेव्हां येथें लेखकानें दुप्पट जपावयास हवें.

‘उत्क्रांति’ आतां रूढ झाला आहे. तो काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकांतील तें रांगेनें ताठ होत जाणाऱ्या आकृत्यांचें चित्र मात्र काढावें, आणि त्या जागीं फांद्यांचें झाड घालावें. त्यांत निअँडरथल मानवाची फांदी आमच्या फांदीशेजारीं दाखवावी.